पत्ता वाचणारा हात

रेल्वे डाक सेवेत, म्हणजे आरएमएसमध्ये, मी उभी नोकरी केली. त्यातली बरीचशी भुसावळला. कोणी विचारले, काम काय करता, तर सांगायचो, ‘पत्रे लावतो.’ ऐकणारा क्षणभर गप्प व्हायचा. रोज तेच लाकडी खाने, तीच हजारो पत्रे, वर रात्रपाळी. यात माणसाचे मन रमते तरी कसे, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसायचा. त्या प्रश्नाचे उत्तर मला आता सवडीने द्यावेसे वाटते. कारण मन रमायचे. काही रात्री तर असे लागायचे की घड्याळ, तहान, पाठीतली कळ सगळे बाजूला पडायचे. पाळी संपली की अंग थकलेले असायचे आणि मन मात्र स्वच्छ, हलके. ही तल्लीनता कशाने येते, कशाने मोडते आणि नोकरी सरल्यावर ती कुठे सापडते, याविषयी मला जे उमगले ते इथे मांडतो.

आधी काम सांगतो. छाननीची केस म्हणजे खान्याखान्यांची लाकडी मांडणी. प्रत्येक खान्यावर गावाच्या नावाची पट्टी. भुसावळ जंक्शन असल्यामुळे आमच्या डोक्यात सगळा मुलूख रेल्वेच्या लाइनींप्रमाणे लावलेला असे. मुंबईकडे जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, लासलगाव, निफाड, नाशिक रोड. नागपूरकडे मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. खंडव्याच्या वाटेवर रावेर, बऱ्हाणपूर. सुरतेकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनवर धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. ज्या गावांची डाक जास्त, त्यांचे खाने छातीच्या उंचीवर. प्रत्येक गाडीची वेळ ठरलेली. ती सुटायच्या आत तिची डाक लावायची, बंडले सुतळीने बांधायची, बॅगेत भरायची, लेबल बांधून तोंडाला लाखेचे सील करायचे आणि बॅग फलाटावर पोचवायची. गाडी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते याबद्दल कोणाच्या मनात शंका नसे.

आता हाताकडे पाहू. डाव्या तळहातावर पत्रांची चळत किंचित तिरकी धरायची. डाव्या अंगठ्याने वरचे पत्र बोटभर पुढे सरकवायचे. उजवा हात ते उचलतो, तोवर डोळ्याने पत्ता टिपलेला असतो. हात खान्याकडे निघाला की डोळा पुढच्या पत्रावर उतरतो. म्हणजे एकाच वेळी हात मागच्या पत्राबरोबर असतो आणि डोळा पुढच्या. नवीन माणूस प्रत्येक पत्राला तीनदा थांबतो: पत्ता वाचतो, पट्टी शोधतो, खात्री करतो. मुरलेला माणूस पट्टीकडे पाहतच नाही. पाचोऱ्याला हात किती उचलायचा आणि नंदुरबारला किती वाकायचे हे त्याच्या खांद्याला आणि कोपराला ठाऊक असते. पत्र खान्याच्या मागच्या फळीवर टेकते तेव्हा हलकासा टप् असा आवाज येतो. त्या आवाजांमध्ये सारखे अंतर पडू लागले की समजावे, लय लागली.

ती लय फुकट मिळत नसे. कुठले टपाल कार्यालय कुठल्या तालुक्यात, त्याची डाक कुठल्या गाडीने आणि कुठे उतरते, हे सगळे पाठ करावे लागे. खात्यात त्याची परीक्षाही होती. आमच्या वेळच्या जुन्या सॉर्टरांनी चालत्या गाडीत, डाकेच्या डब्यात उभे राहून छाननी केली होती. भारतात रेल्वेच्या डब्यात पत्रांची छाननी १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली. पुढे गाड्यांतली छाननी थांबली आणि डब्यातून नुसत्या बंद बॅगा जाऊ लागल्या. पण त्या माणसांची उभे राहण्याची ढब गेली नव्हती. पाय जरा फाकवून, गुडघे सैल सोडून ते फरशीवर असे उभे राहत की जणू खालून अजून रूळ धावताहेत.

त्यांच्यातल्या एकांना सगळे अण्णा म्हणत. मी नवा असताना ते माझ्यामागे येऊन थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, पत्ता वरून काय वाचतोस? खालून वाच. माणसाचं नाव पोस्टमन बघेल. तू आधी जिल्हा बघ, मग तालुका, मग गाव.’’ एवढेच बोलले. पण त्या एका सूचनेने माझ्या डोळ्यांचे अर्धे काम कमी झाले. कामात रमायचे असेल तर आधी कुठे पाहायचे नाही हे शिकावे लागते, हे मला तिथे कळले. नजर सगळीकडे पुरवायला गेले की मन दमते. कामाला लागेल तेवढेच पाहिले की तेच मन तासन्‌तास टिकते.

मी लागलो तेव्हा पिन कोड रुळत चालला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशभर लागू झाला. त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी असलेला हा मराठी माणूस. सहा आकड्यांत त्यांनी सगळा देश बसवला. पहिला आकडा विभागाचा. आपला, गोव्याचा, मध्य प्रदेश-छत्तीसगडचा ४. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या कार्यालयाचे. याचे मोल कळायला आमच्या केससमोर उभे राहायला हवे. महाराष्ट्रात पिंपळगावे किती! निफाड तालुक्यातले पिंपळगाव बसवंत, पाचोरा तालुक्यातले पिंपळगाव हरेश्वर, बुलढाणा जिल्ह्यातले पिंपळगाव राजा. कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे आणि वर्धा जिल्ह्यातही. घाईत लिहिलेले ‘अकोले’ आणि ‘अकोला’ यांत तर एका मात्रेचा फरक, पण एक सह्याद्रीच्या कुशीत आणि दुसरे वऱ्हाडात. खाली ४२२६०१ असेल तर पत्र नाशिककडे जाणार, ४४४००१ असेल तर अकोल्याला. पिन नसला की तालुका, आडनाव, मागे पाठवणाऱ्याचे गाव, जे हाती लागेल त्यावरून ठरवायचे. भुसावळ रेल्वेचे गाव, माणसे देशभरातून आलेली. त्यामुळे एकाच चळतीत मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती, उर्दू अक्षरे येत. कुठे ‘मु. पो. ता. जि.’ अशी शिस्तीची उतरंड, कुठे सगळा पत्ता एका ओळीत कोंबलेला.

आणि इथेच मला वाटते, त्या कामात मन रमण्याचे रहस्य होते. बाहेरून एकसारखे दिसणारे काम आतून कधीच एकसारखे नव्हते. दहा सोपी पत्रे सरसर जात आणि अकरावे हाताला अडवी. ते सोडवण्याइतके ज्ञान गाठीशी असे, पण ते सुचण्यासाठी पूर्ण लक्ष द्यावे लागे. काम अगदीच सोपे असते तर मन भटकले असते, आवाक्याबाहेरचे असते तर घाबरले असते. त्या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते स्थिर होई.

लय लागण्याचा क्षण दिसत नसे. पाळी सुरू झाली की पहिला काही वेळ अडखळतच जाई. घरचे विषय डोक्यात घोळत, शेजाऱ्याच्या बोलण्याकडे कान जात, फलाटावरच्या घोषणा ऐकू येत. खानदेशातल्या उन्हाळ्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असत, कपाळावरचा घाम पत्रावर पडू नये म्हणून मध्येच हात थांबे. मग कधीतरी हे सगळे मागे सरे. घोषणा होत असत, पण त्यातली फक्त आपल्या गाडीची कानापर्यंत पोचे. ‘मी काम करतोय’ ही जाणीवही उरत नसे. पत्ता, हात आणि खाना एवढेच राही. मान वर केली तर गाडीची वेळ जवळ आलेली असे आणि पुढ्यातला ढीग संपलेला.

काही जण याला तंद्री म्हणतील. पण तंद्री वेगळी. तंद्रीत हात चालतो आणि मन गावभर फिरते. तेव्हाच अकोल्याचे पत्र अकोले म्हणून पुढे जाते. मी सांगतोय त्या अवस्थेत मन हाताच्या टोकाला येऊन बसलेले असते. याचा पुरावाही हातच देई. छाननीत चूक झाली तर ती आपल्याला लगेच दिसत नाही. चुकीच्या गावी गेलेले पत्र दोन-चार दिवसांनी परतते. तरी हाताला आधीच कळे. पत्र खान्याच्या तोंडाशी नेले की मनगट आपोआप थबके, मग पुन्हा पाहिले की लक्षात येई, वाचताना काहीतरी निसटले होते. चांगल्या कारागिराला चूक होण्याआधी जी चाहूल लागते, ती अशी शरीरात राहते. ती ऐकू येण्यासाठी आत शांतता लागते, आणि ती शांतता या तल्लीनतेतूनच मिळते.

पुढे वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून कळले की या अनुभवाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय हे हंगेरियन कुळातले मानसशास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात होते. जन्म १९३४चा, २०२१ मध्ये वारले. त्यांचे ‘फ्लो’ हे पुस्तक १९९० साली आले. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद, नर्तक अशा अनेकांशी बोलून त्यांनी दाखवले की मन पूर्ण लागण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: काय करायचे ते स्पष्ट हवे, ते नीट होते आहे की नाही हे जागच्या जागी कळायला हवे, आणि कामाचे आव्हान आपल्या कसबाच्या जवळपासचे हवे. त्यांनी लोकांना पेजर देऊन दिवसभरात अवचित वाजवले आणि त्या क्षणी काय करता, कसे वाटते हे लिहून घेतले. त्यातून निघालेली गोष्ट विचार करायला लावणारी आहे. लोकांना अशी तल्लीनता फुरसतीपेक्षा कामात जास्त लाभत होती, तरीही कामावर असताना त्यांना वाटत होते, आपण इथे नसावे. हे वाचून मला माझेच सहकारी आठवले. रात्रभर एकाग्रतेने, सुरेख काम करणारा माणूस सकाळी सायकलवर टांग टाकताना म्हणे, ‘‘कसली ही हमाली!’’ जे हाती होते त्याला किंमत द्यायची असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

खरे तर आमच्या खानदेशातच ते सांगितले गेले होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, म्हणून आमच्या भागात त्या प्रवचनांच्या पुस्तकाची ओढ जास्तच. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही, ते केले तरी केल्यासारखे वाटत नाही, असा त्यातला एक विचार. तरुणपणी मी तो परीक्षेतल्या उत्तरासारखा वाचला होता. केससमोर उभे राहिल्यावर तो अंगाने कळला. रात्रभर हात चालवूनही आत शीण नाही, याचा अर्थ विनोबांनी नेमका सांगून ठेवला होता.

मात्र आतली जोड कुठून येते? माझ्यापुरते सांगतो: पत्राच्या पलीकडे माणूस आहे या जाणिवेतून. श्रावणात राख्यांची फुगीर पाकिटे येत, बंडलात नीट बसत नसत, सुतळी घसरे. दिवाळीत शुभेच्छापत्रांचे आणि बुकपोस्टाने जाणाऱ्या अंकांचे ढीग, संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्या. आणि अधूनमधून कोपरा फाडलेले कार्ड. ते पाहिले की आत काय लिहिले आहे हे वाचावे लागत नसे. कोणाच्या तरी घरी माणूस गेलेला असे. त्या कार्डासाठी खात्याचा वेगळा नियम नव्हता. पण ते हाती आले की या गाडीला हे गेलेच पाहिजे असे मनात ठसे, आणि त्याच्याबरोबरच्या शंभर साध्या पत्रांनाही त्या निकडीचा लाभ होई. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ला सुरू झाले. एवढ्याशा कागदावर माणसांनी जन्म, मरण, लग्ने, पेरण्या आणि पैशांच्या अडचणी लिहून पाठवल्या. ते वाचण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, पण ते वेळेवर पोचवण्याचा मान होता. तो मान मनात असला की काम हलके होई.

काळ बदलला. १९८६ साली स्पीड पोस्ट आली, १९९०च्या दशकात मुंबईत पत्रे लावणारी यंत्रे बसली, मग मोबाइलने खासगी पत्रव्यवहार जवळपास संपवला. लोकांनी पत्रे लिहिणे सोडले याची हळहळ मला वाटते, पण यंत्रांविषयी माझे काही म्हणणे नाही. प्रश्न पडला तो निवृत्तीनंतर. वेळ भरपूर, आणि मन कशातच ठरेना. दूरदर्शन लावले तरी लक्ष अर्धेच. फोनवर बोट फिरवत दुपार जायची आणि संध्याकाळी न केलेल्या कामाचा थकवा यायचा. पेजरच्या त्या प्रयोगाने सांगितलेली गोष्ट मी आता घरात बसून अनुभवत होतो: नुसती फुरसत माणसाला विसावा देत नाही.

तेव्हाच पत्नीच्या मनगटाचे दुखणे सुरू झाले आणि भाकरीचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी ती स्टुलावर बसून सांगत होती, ‘‘अहो, पाणी चांगलं कढत घ्या. आणि नुसतं कालवू नका, तळहातानं रगडा.’’ त्यामागे कारण आहे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, पीठ आपण होऊन चिकटत नाही. गरम पाणी आणि रगडणे यांमुळेच त्याला धरून राहण्याचा गुण येतो. उंडा घोळून परातीत कोरड्या पिठावर ठेवायचा आणि बोटांनी थापत थापत भाकरी गोल फिरवायची. दाब बोटांच्या मुळाशी जास्त, टोकाशी कमी. तो एके ठिकाणी वाढला की तिथे पातळ होते, मळणे कमी पडले की कड चिरते. उचलून तव्यावर टाकायची ती पिठाची बाजू वर ठेवून. लगेच त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी पुरते सुकायच्या आत उलटायची, मग आचेवर धरायची. सगळे जमले तर पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते.

बरेच दिवस मी फक्त सूचना आठवत होतो. मग एकदा लक्षात आले की चार-पाच भाकऱ्या झाल्या आणि मधल्या वेळात मी कशाचाही विचार केला नव्हता. तव्यावरची फुगते तोवर परातीतली थापून तयार, दोन्हींचा मेळ बसलेला. केससमोरचा तोच अनुभव, फक्त जागा स्वयंपाकघराची. इथे काम बरोबर झाल्याची खूण समोरच फुगून दाखवते, आणि पलीकडचा माणूस ताटावर बसलेला असतो. त्या दिवसापासून मी घरातल्या कामांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मेथी निवडणे, कपडे वाळत घालणे, सायकल पुसून तिला तेल देणे. यांतले कोणतेही काम मुळात कंटाळवाणे नाही. कंटाळा येतो तो ते उरकून टाकायच्या घाईने, आणि कान-डोळे दुसरीकडे अडकवून ठेवल्याने.

म्हणून नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी तीन गोष्टी सांगतो. काम पाठ होईपर्यंत शिका. अर्धवट येणाऱ्या कामात कोणाचेच मन लागत नाही. एका बैठकीचे टोक ठरवा, ही चळत, हा गठ्ठा, एवढ्या भाकऱ्या. टोक दिसले की मन धावत नाही. आणि तेवढा वेळ फोन नजरेआड ठेवा, कारण लय लागायला वेळ लागतो आणि मोडायला एक घंटी पुरते.

तितकेच कामे देणाऱ्यांनाही सांगायचे आहे. तल्लीनता हा फक्त करणाऱ्याचा गुण नसतो, तिला जागा लागते. पुरेसा उजेड, हाताच्या उंचीला जुळणारे टेबल, शिकायला दिलेला अवधी, आणि दर पाच मिनिटांनी न तुटणारा एखादा सलग तास. पार्सलच्या गोदामात बारकोड वाचणारी मुले असोत, काउंटरवरची कारकून मंडळी असोत किंवा शिवणयंत्रावरच्या बाया, त्यांच्या दिवसात असा एक तास असेल तर काम चोख होईल आणि माणूसही संध्याकाळी घरी जाताना पुरता रिकामा झालेला नसेल. कलावंताला आणि खेळाडूला जे सुख आपण सहज मान्य करतो, त्यावर पत्रे लावणाऱ्याचा आणि भाकरी थापणाऱ्याचाही तेवढाच हक्क आहे.